शेठ फिरले तरी

दारूखान्यात, फुटलेल्या जहाजांच्या लोखंडात
भाता ओढायचा पोरगा.
बापाच्या घणाला भ्यायचा नाही, लाथेला भ्यायचा.
एका रात्री बसऱ्याच्या बोटीत चढला,
नऊ वर्षांनी उतरला तेव्हा
तीन भाषा येत होत्या, आणि व्याजाचं गणित.
भिकाजी पांचाळ.
मागची पोरं जगली नाहीत,
म्हणून देवाकडे भीक मागून ठेवलेलं नाव.

वाळकेश्वरच्या बंगल्यावर शेठनी विचारलं,
"तुला काय काय येतं?"
म्हणाला, "आपल्याला काय काय हवंय?"
मी शेजारीच उभा होतो वही घेऊन.
रेगे, लघुलेखक. मिनिटाला एकशेवीस शब्द.

शेठना पहिल्या बायकोपासून सुटका हवी होती,
कागद त्यानं केले.
मग चुलत्यांच्या ट्रस्टमधल्या गिरण्या हव्या होत्या.
परळपासून शिवडीपर्यंत नऊ.
प्रत्येक फाटकातून तो खतावणी घेऊन आत गेला:
चात्या, साचे, बॉयलर,
खात्यातल्या गणपतीची समई,
कँटीनची पातेली, झाकणासकट.
सगळं मोजलं. मी लिहून घेतलं.
दोन वर्षांत नऊही भोंगे गप्प.
चाळीतली माणसं म्हणायची,
शेठ देवमाणूस हो, हा पांचाळच हरामखोर.
शेठना हे कळत असे. आवडतही असे.

बॅलार्ड इस्टेटला समुद्राकडची केबिन मिळाली.
घराणेदार संचालक त्याच्यासमोर उठून उभे राहत
आणि तो वळला की दातांत म्हणत, लोहार.
"ऐकू येतं मला, रेगे," तो म्हणाला एकदा,
"पण यांच्या तिजोऱ्या काय चंदनाच्या आहेत?"

दुसरी बायको गेली. कशी, ते मी टिपलं नाही.
वारस नव्हता.
भिकाजीनं नागपूरच्या एका गिरणीवाल्यांची मुलगी शोधली,
सोबत त्यांचे चाळीस टक्के शेअर.
फोटो काढणाऱ्यानं उजेड फार प्रेमानं टाकला होता.
सांताक्रूझला ती विमानातून उतरली.
शेठनी फोटो पाहिला, तिला पाहिलं,
मग भिकाजीकडे पाहिलं.
भिकाजीकडेच जास्त वेळ.

जूनमधली बैठक. तो पाच मिनिटं उशिरा आला,
तर एकही खुर्ची रिकामी नाही.
"आरोपीला कशाला हवी खुर्ची?" थोरले काका म्हणाले.
बाजूच्या दारानं पोलीस आले.
काकांनी कोटावरचा सोन्याचा बिल्ला ओढला, कापडासकट.
दुसऱ्या कुणी मनगट धरून घड्याळ सोडवलं.
तो म्हणाला, "सावकाश. ते शेठनी दिलंय."

पुरावा म्हणून माझी वही मागितली.
ती भाषा माझ्याशिवाय कुणाला वाचता येत नाही.
एका रात्री, बंद गिरणीच्या अंगणात, तो म्हणाला होता:
शेठ फिरले तरी मी फिरणार नाही.
कुत्रं मालकाबद्दल म्हणेल तसं म्हणाला होता.
लघुलिपीत शब्द येतात, आवाज येत नाही.
मी फक्त शब्द वाचले.
काका म्हणाले, "ऐकलंत? बंड."
मला बोरिवलीत दोन खोल्या मिळाल्या.

आर्थर रोडहून पत्र आलं. पहिल्यांदाच स्वतःच्या हातचं,
घण धरावा तसं पेन धरलेलं,
द आणि या एकमेकांना चिकटलेले.
शेठनी मला तीनदा वाचायला लावलं.
शेवटी लिहिलं होतं, दया, दया, दया.
मला दिसत होतं.
मी वाचलं, द्या, द्या, द्या.
"अजून मागतोच आहे," शेठ हसले.

अठराव्या महिन्यात छातीत कळ आली, तो गेला.
त्या संध्याकाळी जिमखान्यावर शेठचं चौथं लग्न.
पाहुण्यांच्या यादीत माझं नाव होतं,
मी आइस्क्रीम खाल्लं.

पुढच्या वर्षी हिशेब जुळेनात.
शेठ टेबलावर हात आपटून ओरडले,
"तसा माणूस परत मिळाला नाही मला!
तुम्ही लोकांनी माझे कान भरलेत,
तुम्ही लोकांनी!"
सगळ्यांनी खाली पाहिलं.
मी वहीतच पाहत होतो.
टिपून घेतलं.